कडबाकुट्टी यंत्राची बिघडलेली कळ बदलणे

नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः तापीकाठच्या शहादा, तळोदा व नंदुरबार या तालुक्यांत, विजेवर चालणारे कडबाकुट्टी यंत्र आता अनेक गोठ्यांत दिसते. ज्वारीचा कडबा, मक्याची ताटे किंवा उसाचे वाढे अखंड टाकले तर जनावर पाने खाऊन दांडे पायाखाली तुडविते. तेच बारीक कापून घातले असता गव्हाणीत फारसे काही शिल्लक राहत नाही. यंत्राच्या या उपयोगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु यंत्र वापरात आल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत त्याचा जो भाग बहुधा प्रथम नादुरुस्त होतो, त्या कळीविषयी, म्हणजे ज्यास आपण बोलीत बटण किंवा स्विच म्हणतो तिच्याविषयी, सहसा कोणी काही सांगत नाही. ती बिघडली म्हणजे शेतकरी तालुक्याच्या बाजारातून हाती लागेल ते बटण आणतो, दोन तारा जोडतो आणि यंत्र पुन्हा चालू करतो. यंत्र चालते हे खरे. पण पूर्वी जे यंत्र वीज गेल्यावर बंद होऊन बंदच राहत होते, ते आता वीज येताच आपोआप फिरू लागते, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही. या लेखाचा सर्व भर त्याच एका गोष्टीवर आहे.

कळीचे दोन प्रकार

घरातील दिव्याचे बटण खाली केले की वीज असो वा नसो, ते खालीच राहते. वीज गेली आणि तासाभराने आली तर दिवा आपोआप लागतो. दिव्याच्या बाबतीत हे सोयीचे आहे. कुट्टी यंत्राच्या बाबतीत काय होईल याचा विचार करावा. यंत्र चालू असताना वीज गेली, पाते थांबले, तोंडाशी कडबा अडकलेला दिसला म्हणून घरातील बाईने किंवा मुलाने तो ओढून काढण्यासाठी हात आत घातला. बटण खालीच आहे. त्याच क्षणी वीज आली. पुढे काय घडते ते वर्णन करण्याची आवश्यकता नाही. हाताला यंत्राने दिलेली जखम आयुष्यभराची असते, आणि ज्या घराचे पोट हातावर चालते त्या घराला तिचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. मळणी यंत्रांवर असे अपघात होऊ लागल्यामुळेच केंद्र सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा कायदा करावा लागला.

दुसऱ्या प्रकारची कळ ही आपल्या पंपाच्या स्टार्टरसारखी असते. तिला हिरवे व तांबडे अशी दोन बटणे असतात आणि आत तारेचे एक वेटोळे असते, त्यास कारागीर ‘नो-व्होल्ट कॉईल’ म्हणतात. हिरवे बटण दाबले असता वेटोळ्यातून वीज वाहते, त्याचे लोहचुंबक बनते व ते आतील संपर्कपट्ट्या आपल्याकडे ओढून धरते. वीज जाताच चुंबकत्व नाहीसे होते, स्प्रिंगच्या जोराने पट्ट्या सुटतात आणि वीज परत आली तरी कोणी पुन्हा हिरवे बटण दाबल्याखेरीज यंत्र हलत नाही. कुट्टी यंत्रास हीच कळ पाहिजे. मिरची कांडपाचा डंका, पिठाची गिरणी, मळणी यंत्र, सुताराची करवत या सर्वांस तोच न्याय लागू आहे.

येथे एक स्पष्टीकरण करणे जरूर आहे. आपल्याकडे पंपाच्या स्टार्टरला ‘ऑटो’ बसविण्याचा प्रघात आहे, कारण वीज रात्री केव्हा येईल याचा नेम नसतो आणि शेतकऱ्यास विहिरीवर जागत बसावे लागू नये. पंपापाशी कोणाचा हात नसतो, म्हणून तेथे त्याची चर्चा निराळी. परंतु पंपावरचा जुना स्टार्टर ऑटोसह काढून गोठ्यातील यंत्रास लावल्याचे प्रकार पाहण्यात येतात. असे कदापि करू नये.

दोष कळीचाच आहे काय?

यंत्र चालत नाही एवढ्यावरून कळ दोषी ठरविणे म्हणजे बैल अडला म्हणून जू बदलण्यासारखे आहे. प्रथम लक्षणे पाहावीत.

बटण दाबले असता काहीच होत नाही, तर घरातील दिवा लागतो काय, फ्यूज शाबूत आहे काय आणि प्लगची पिन काळवंडली आहे काय, हे आधी पाहावे. मोटर नुसती घुमते पण फिरत नाही, तर दोष बहुधा कळीत नसून कंडेन्सरमध्ये, कमी दाबात किंवा तोंडाशी अडकलेल्या कडब्यात असतो; अशी घुमणारी मोटर काही क्षणांहून अधिक वेळ चालू ठेवल्यास जळते, म्हणून ती लगेच बंद करावी. हिरवे बटण दाबून धरले तोवर यंत्र चालते आणि सोडताच थांबते, तर पकड धरणारा भाग निकामी झालेला आहे. कळीतून सतत थरथर असा आवाज येतो, तर पुष्कळदा दाब कमी असतो. संध्याकाळी गावातील सर्व दिवे व शेगड्या एकदम चालू झाल्या म्हणजे लांबच्या पाड्यावरील दाब उतरतो व वेटोळ्यास पट्ट्या घट्ट धरून ठेवता येत नाहीत. अशा वेळी नवी कळ आणूनही थरथर थांबणार नाही. सकाळच्या वेळी यंत्र चालवून पाहिल्यास याचा उलगडा होतो.

कळीचे अंग गरम लागते, जळका वास येतो, किंवा तांबडे बटण दाबूनही यंत्र थांबत नाही, ही मात्र कळ बदलण्याचीच लक्षणे आहेत. शेवटचे लक्षण सर्वांत वाईट होय. ठिणग्यांनी संपर्कपट्ट्या एकमेकींस चिकटल्या म्हणजे असे होते. अशा यंत्राची वीज मुख्य बटणापासून तोडावी आणि कळ बदलेपर्यंत त्यास कोणी हात लावू नये.

पकड धरत नाही म्हणून हिरव्या बटणात काडी खोचणे किंवा ते सुतळीने बांधून ठेवणे हा ‘उपाय’ ज्या कोणी शोधून काढला असेल, त्याने या सुरक्षित कळीचे पुन्हा दिव्याचे बटण करून टाकले आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस गोठ्यात अशी काडी दिसल्यास, बाकीची सर्व कामे बाजूस ठेवून आधी ती काढावयास लावावी.

साध्या कळीची परीक्षा विजेशिवाय करता येते. कळ यंत्रापासून पूर्ण सोडवून घ्यावी. विजेरीचा सेल, छोटा दिवा व दोन तारांचे तुकडे यांची जोडणी करून ती कळीच्या एका बाजूच्या दोन टोकांस लावावी. कळ बंद असताना दिवा विझलेला व चालू केल्यावर लागलेला राहिला पाहिजे. दुसऱ्या बाजूच्या टोकांसही तसेच करून पाहावे. दिवा मंद लागला किंवा कळ हलविताच फडफडला, तर पट्ट्या जळलेल्या आहेत असे समजावे. त्या कानशीने घासून पुन्हा वापरण्याचा मोह होतो. घासलेली पट्टी थोडे दिवस चालते आणि पूर्वीपेक्षा लवकर जळते.

नवी कळ कशी निवडावी

गोठ्यातील बहुतेक कुट्टी यंत्रांस २ अश्वशक्तीची, २३० व्होल्टवर चालणारी सिंगल फेज मोटर असते. अशी मोटर भरलेल्या कामावर सुमारे १२ अँपियर प्रवाह घेते. पण चालू होण्याच्या क्षणी हाच प्रवाह पाच-सहा पटींनी वाढतो. घरातील दिव्याचे बटण ६ अँपियरचे असते. ते का जळते हे आता वेगळे सांगावयास नको. शेगडीसाठी वापरले जाणारे १६ अँपियरचे बटणही मोटरीच्या या पहिल्या झटक्यासाठी केलेले नसते. म्हणून दुकानात ‘मोठे बटण द्या’ असे न म्हणता मोटरीवरील पत्र्याच्या पाटीवरून अश्वशक्ती, व्होल्ट व अँपियर हे तीन आकडे कागदावर उतरवून न्यावेत व तेवढ्या अश्वशक्तीच्या मोटरीसाठी असलेला सिंगल फेज स्टार्टर मागावा. त्यावर आय.एस.आय. चिन्ह आहे याची खात्री करावी.

वेटोळ्याचे व्होल्ट अवश्य पाहावेत. हे दुकानदारही विसरतो. थ्री फेज पंपाच्या स्टार्टरमधील वेटोळे सामान्यतः ४१५ व्होल्टचे असते. ते २३० व्होल्टवर पट्ट्या ओढूच शकत नाही किंवा ओढल्या तरी थरथरत राहते. उलट २३० व्होल्टचे वेटोळे ४१५ व्होल्टवर जोडल्यास पाहता पाहता जळते. विहिरीवरचा जुना स्टार्टर घरी आणून बसविण्यात फसगत होते ती बहुधा याच कारणाने.

कळ एकाच वेळी दोन्ही तारा तोडणारी असावी. खेड्यातील वायरिंगमध्ये फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झालेली पुष्कळदा आढळते. एकच तार तोडणारी कळ जर न्यूट्रलवर आली, तर यंत्र थांबते परंतु मोटरीत वीज तशीच उभी राहते. पाते धार लावण्यासाठी सोडविणाऱ्यास वाटते की वीज बंद आहे. स्टार्टरमध्ये जादा भार आल्यास मोटर तोडणारा भागही असतो. त्याची चकती मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्या अँपियरवर लावावी. वारंवार तुटते म्हणून ती पुढे सरकवू नये. ती तुटते याचा अर्थ पाते बोथट झाले आहे किंवा मनुष्य एकदम फार कडबा लोटीत आहे.

काम कोणी करावे

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने विजेच्या मांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घेण्याचे बंधन घातले होते. त्यातून दिवे, पंखे, फ्यूज, कळा इत्यादींची अशी बदली वगळली होती, की जिच्यामुळे मांडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पुढील विनियमांतही हेच तत्त्व कायम आहे. आमच्या मते त्याचा व्यवहारी अर्थ असा घ्यावा: सिंगल फेज यंत्राची कळ काढून तशीच नवी कळ बसविणे हे माहीतगार व सावध माणसास करता येईल. साध्या बटणाच्या जागी प्रथमच स्टार्टर बसवावयाचा असेल किंवा यंत्र थ्री फेजवर असेल, तर परवानाधारक वायरमन बोलवावा. त्याची मजुरी वाचविण्यासारखी ही जागा नव्हे. तारेवर आकडा टाकून चालविलेल्या यंत्रास तर मुख्य बटण नसते, फ्यूज नसते आणि जमिनीत सोडलेली तारही नसते. त्याची कळ बदलण्याचा प्रश्न नंतरचा आहे, आधी रीतसर जोडणी घ्यावी.

प्रत्यक्ष कृती

काम दिवसाउजेडी व कोरड्या जागी करावे. पावसाळ्यात गोठ्याची जमीन ओली व शेणमुताने भिजलेली असते. अशा वेळी यंत्र ओट्यावर घ्यावे किंवा पायाखाली कोरडी फळी टाकावी.

यंत्रास प्लग असेल तर तो काढून आपल्या डोळ्यांसमोर ठेवावा. वीज तुटल्याचा याहून चांगला पुरावा नाही. तार थेट जोडलेली असेल तर मुख्य बटण खाली करून फ्यूज काढावा आणि तो स्वतःच्या खिशात ठेवावा, म्हणजे घरातील दुसरे कोणी अजाणता वीज चालू करणार नाही. घरात इन्व्हर्टर असल्यास तोही बंद करावा. नंतर टोकांवर वीज नाही हे तपासावे. टेस्टर पेटला नाही एवढ्यावर विसंबू नये; रबरी जोडा घालून कोरड्या फळीवर उभे राहिलेल्या माणसाच्या हाती टेस्टर वीज असूनही नीट पेटत नाही. होल्डरला दोन तारा जोडून केलेला तपासणीचा दिवा अधिक भरवशाचा. तो आधी चालू बोर्डावर लावून पाहावा, मग कळीच्या टोकांवर आणि फिरून चालू बोर्डावर. मधल्या काळात दिवाच गेला नाही याची त्यामुळे खात्री होते.

पट्टा उतरवून ठेवावा, म्हणजे काम चालू असताना जड चाक चुकून फिरले तरी मोटर व पाते यांचा संबंध राहणार नाही. मोटरीच्या कंडेन्सरच्या टोकांस बोट लावू नये. वीज तोडल्यानंतरही त्यात काही वेळ वीज साठून राहू शकते.

कळीचे झाकण काढल्यावर प्रथम ब्रशाने धूळ झाडावी. कडब्याच्या भुशाचा थर, मुंग्यांचे वारूळ आणि कित्येकदा मेलेली पाल आत सापडते. कधी कधी सारा दोष एवढाच असतो. त्यानंतर कोणती तार कोठे आहे याचे चित्र कागदावर काढावे व प्रत्येक तारेस चिंधी बांधून खूण करावी. भ्रमणध्वनीने छायाचित्र घेतल्यास उत्तमच, परंतु काळवंडलेल्या तारांचा रंग छायाचित्रात ओळखू येत नाही, म्हणून चिंध्याही बांधाव्यात. जुन्या वायरिंगमध्ये तांबडी तार फेजची, काळी न्यूट्रलची व हिरवी जमिनीची असते. नव्या लवचीक तारांत अनुक्रमे तपकिरी, निळी व हिरवी-पिवळी असते. तथापि आधी काम केलेल्या माणसाने रंग पाळलाच असेल असे गृहीत धरू नये.

तारेचे जळलेले टोक कापून टाकावे आणि चकाकणारे तांबे लागेपर्यंत मागे यावे. तार आखूड पडली तर जोड न देता नवी घ्यावी. २ अश्वशक्तीसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार योग्य होय. तारेचे सर्व धागे एकत्र पिळून शक्य तर टोकास थिंबल दाबावे आणि स्क्रू घट्ट आवळावा. तार हलकेच ओढून पाहावी. सैल स्क्रू तापतो, तापल्याने आणखी सैल होतो आणि कळ पुन्हा जळते. नव्या कळी लवकर जाण्यामागे निकृष्ट मालापेक्षा हेच कारण अधिक वेळा असते. जमिनीची तार बाकीच्या दोन तारांपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे दोरी ओढली गेली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. तार पेटीत खालच्या बाजूने घ्यावी व आत जाण्यापूर्वी तिला एक झोल द्यावा. पावसाचे पाणी झोलावरून खाली गळते, पेटीत शिरत नाही.

कळीची जागाही महत्त्वाची आहे. कडबा लोटणाऱ्या माणसाचा हात तोंडापासून न वाकता तांबड्या बटणावर पडला पाहिजे, पण कडब्याची पेंढी धडकून हिरवे बटण दाबले जाईल इतकी ती जवळ नसावी. यंत्राच्या मागील बाजूस कळ असल्यास ती पुढे आणवून घ्यावी.

परीक्षा

झाकण बसवून, पट्टा अद्याप उतरलेला असतानाच वीज द्यावी. हिरवे बटण दाबून मोटर फिरते काय व तांबड्याने थांबते काय, हे पाहावे. नंतर मोटर पुन्हा चालू करून, कळीस हात न लावता, मुख्य बटण खाली करावे. मोटर पूर्ण थांबू द्यावी. आता मुख्य बटण पुन्हा वर करावे. मोटर जागच्या जागी राहिली पाहिजे. ती फिरू लागली तर जोडणी चुकली आहे किंवा कळ अयोग्य आहे. पट्टा चढवू नये व यंत्र वापरू नये. कार्यकर्त्यांनी ही परीक्षा गावातील प्रत्येक कुट्टी यंत्रावर, मग त्याची कळ नवी असो वा जुनी, मालकासमक्ष करून दाखवावी. तिला दोन मिनिटे लागतात. जेथे साधे बटण असेल तेथे मोटर आपोआप फिरू लागते आणि मालकास काही समजावून सांगावे लागत नाही.

यंत्राच्या लोखंडी अंगास टेस्टर लावून त्यात वीज उतरत नाही हेही पाहावे. जमिनीच्या तारेबाबत आपल्या जिल्ह्यात दोन निरनिराळ्या अडचणी आहेत. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पत्र्याभोवतीची माती सुटते. अक्राणी व अक्कलकुव्याकडील सातपुड्याच्या उतारावर मुरूम व खडक लवकर लागतो आणि खड्डा पुरेसा खोल जात नाही. पहिल्या ठिकाणी उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालीत राहावे. दुसऱ्या ठिकाणी खोल माती असलेली जागा शोधून, जरा दूर असली तरी, तेथे खड्डा घ्यावा. दोन्हीकडे ३० मिलिअँपियरचे गळती-प्रवाह तोडणारे उपकरण बसविल्यास माणूस व जनावर दोहोंचे रक्षण होते. गायी-म्हशींना विजेचा धक्का माणसापेक्षा लवकर बाधतो. या उपकरणावरील परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते तुटते याची खात्री करीत जावे.

अपघात घडलाच, तर धक्का बसलेल्या माणसास स्पर्श करण्यापूर्वी वीज तोडावी. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्यास दूर करावे. श्वास चालू नसल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करून दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटले असल्यास जखम स्वच्छ कापडाने दाबून धरावी. तुटलेला भाग स्वच्छ कोरड्या पिशवीत घालून ती पिशवी बर्फ असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवावी व रुग्णाबरोबर न्यावी. तो भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये.

काढलेली जुनी कळ फळीवर ठेवून दिली जाते आणि दोन वर्षांनी डंक्याची किंवा गिरणीची कळ गेली म्हणजे कोणीतरी तीच उचलून बसवितो. म्हणून तिची बटणे मोडावीत, तारा कापाव्यात आणि ती भंगारात द्यावी.